ऑक्टोबरात सॅरॉनिक: दोघांनीच शिडाची बोट घेऊन ग्रीसची बेटं फिरायची तर

ग्रीसमध्ये शिडाची बोट भाड्यानं घ्यायची म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात जुलै-ऑगस्ट असतो. त्या दिवसांत एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस सुटतो, सहा-सात बोफर्टपर्यंत (बोफर्ट म्हणजे वाऱ्याच्या जोराचं माप) सहज जातो. भाडी सगळ्यात चढी असतात आणि दुपारी तीननंतर बंदरात शिरलात तर धक्क्याला जागा मिळत नाही. पहिलीच वेळ असेल आणि बोटीवर दोघंच असाल, तर ऑक्टोबर घ्या. मे महिनाही चांगला, दिवस मोठे असतात. पण तेव्हा समुद्राचं पाणी हिवाळ्यातून नुकतंच बाहेर आलेलं, गार असतं. ऑक्टोबरात उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून पोहण्याजोगं असतं आणि बोटीचं भाडं ऑगस्टच्या जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसतं. नोव्हेंबरकडे मात्र जाऊ नका. पाऊस वाढतो, दिवस आखडतो आणि बऱ्याच बोटी तोवर पाण्याबाहेर काढलेल्या असतात.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. दोघांची बोट ही बराच वेळ एकट्याची बोट असते. एक जण खाली चहा टाकतोय, एकाला मळमळतंय, एक जण पुढच्या टोकाला नांगराशी गुंतलाय. अशा प्रत्येक वेळी सुकाणूवर दुसरं माणूस एकटंच. म्हणून 'त्याला येतं ना, मग झालं' या भरवशावर निघू नये. बोटीचा आकार, मार्ग, रोजचं अंतर, सगळं 'एकट्यानं जमेल का?' असं विचारून ठरवा.

कुठं जायचं

नवख्या जोडप्याला मी सॅरॉनिक आखात सुचवतो. अथेन्सच्या दक्षिणेला अटिका आणि पेलोपोनीज या दोन द्वीपकल्पांमध्ये सापडलेलं हे पाणी आहे. एजिना, पोरोस, हायड्रा ही त्यातली बेटं एकमेकांपासून तीन-चार तासांवर. खुल्या एजियनची लाट इथं तशीच्या तशी पोचत नाही. दुसरं कारण हंगामाचं आहे. ही बेटं अथेन्सकरांच्या रोजच्या ये-जा करण्याच्या टप्प्यात असल्यामुळे तिथं बारमाही वस्ती आहे. पर्यटक ओसरले तरी बेकरी, किराणा, औषधाचं दुकान, दोन-चार खानावळी चालूच असतात. लांबच्या बेटांवर ऑक्टोबर सरता सरता धक्क्यावरची निम्मी दुकानं फळ्या ठोकून बंद झालेली असतात.

ग्रीसच्या पश्चिमेचा आयोनियन समुद्रही नवख्यांचा लाडका आहे, उन्हाळ्यात तो खरोखर सौम्य असतो. पण शरद ऋतूत पश्चिमेकडून येणारी वादळं आधी त्यालाच भिडतात. सप्टेंबर 2020 मध्ये 'इयानोस' हे भूमध्य समुद्रातलं चक्रीवादळ इथाका, केफालोनिया आणि झाकिन्थोसवर आदळलं, तेव्हा नांगरलेल्या कितीतरी बोटी किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. असं दर वर्षी होत नाही. तरी पहिल्या खेपेला आडोशाचं पाणी बरं.

कागदपत्रं

चालकाशिवाय भाड्यानं मिळणाऱ्या बोटीला बेअरबोट म्हणतात. ग्रीसमध्ये ती घ्यायची तर एकाकडे मान्य परवाना लागतो. दुसऱ्या व्यक्तीला बोट हाताळता येते असं दाखवावं लागतं, त्यासाठी अनुभवाचं स्वतःच्या सहीचं घोषणापत्र सहसा चालतं. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी रॉयल यॉटिंग असोसिएशन या ब्रिटिश संस्थेचं 'डे स्किपर' प्रात्यक्षिक प्रमाणपत्र हा सरळ रस्ता. अभ्यासक्रम पाच दिवसांचा, पण त्याआधी थिअरी आणि थोडा पाण्यावरचा अनुभव हवा. जोडीदारानं त्याच संस्थेचा 'कॉम्पिटंट क्रू' हा पाच दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम केला तर उत्तम. घोषणापत्रावर सही करणं सोपं आहे, पण कागदानं बोट वळत नाही.

आगाऊ रक्कम भरण्याआधी प्रमाणपत्राची स्कॅन प्रत भाड्यानं देणाऱ्या कंपनीला पाठवा आणि 'हे चालेल' असं लेखी उत्तर मागवा. पैसे भरून झाल्यावर हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

मुंबईत गेटवेसमोरच्या पाण्यात पावसाळा सोडून शिडाची बोट शिकवणाऱ्या संस्था आहेत, तिथून सुरुवात करता येते. वारा ओळखणं, शीड लावणं, दिशा बदलणं तिथं पक्कं होतं. दोन गोष्टी मात्र तिथल्या आणि इथल्या उलट्या आहेत. मुंबईत सगळा खेळ भरती-ओहोटीचा, उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरनं चढतं-उतरतं. सॅरॉनिकमध्ये फरक काही सेंटिमीटरांचा, तो हिशेबात धरावाच लागत नाही. दुसरं म्हणजे आपल्याकडे बोट बहुधा पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला बांधतात. ग्रीसमध्ये ती नांगर टाकून पाठीमागून धक्क्याला लावायची असते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांची फजिती तिथंच होते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

परवाना नसेल तर चालकासकट बोट घ्या. चालकाचे दिवसाला साधारण 150 ते 250 युरो, शिवाय त्याचं जेवण. त्याला स्वतंत्र केबिन लागते, म्हणजे दोन केबिनच्या बोटीवर तुमचा एकांत बेताचाच. मधला मार्गही आहे: पहिले दोन दिवस चालक-शिक्षक घ्यायचा, तिसऱ्या दिवशी तो फेरीबोटीनं परत. परवाना नवा कोरा असणाऱ्यांनी यावर पैसे खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना 90 युरो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मुक्कामाचा पुरावा म्हणून बोटीचा करार जोडा, सोबत आधीच्या आणि नंतरच्या रात्रीचं हॉटेल बुकिंगही. विमा काढताना शिडाच्या बोटीवरचा अपघात त्यात धरलाय का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

बोट निवडणं

30 ते 34 फूट, दोन केबिन, एक सुकाणू, बस्स. ऑक्टोबरात तेवढ्याच पैशांत चाळीस फुटी बोट देऊ करतात आणि मोह होतो. घेऊ नका. आडव्या वाऱ्यात चाळीस फुटी बोट धक्क्यापासून सरकायला लागली की दोन माणसांच्या हातांनी ती आवरत नाही.

बुकिंग करताना तीनच गोष्टी विचारा. नांगर उचलणारा विजेचा विंडलास आहे का, आणि त्याचा रिमोट सुकाणूपर्यंत पोचतो का? पुढचं शीड गुंडाळता येतं का, मोठं शीड आखडायच्या (जोराच्या वाऱ्यात लहान करायच्या) दोऱ्या कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेपर्यंत, आणलेल्या आहेत का? फवाऱ्यापासून आडोसा देणारं कापडी छत धड आहे का? ऑक्टोबरच्या संध्याकाळी ओल्या अंगानं वाऱ्यात बसल्यावर तिसऱ्या प्रश्नाची किंमत कळते.

अनामत रक्कम मोठी असते. ती कमी करणारा विमा कंपन्या देतात, तो घ्या. पहिल्या सफरीत धक्क्याला एखादा ओरखडा उठतोच.

सामान आणि स्वयंपाक

चाकांची सूटकेस आणू नका, बोटीवर ती ठेवायला जागा नसते. घडी होणारी कापडी बॅग आणा. काळे डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट, खरोखर पाणी अडवणारं जॅकेट, दोरासाठी हातमोजे, प्रत्येकी एक डोक्याला लावायची बॅटरी. रात्री पांघरूण पातळ वाटेल, एक उबदार थर जवळ असू द्या. बोटीवर विजेचे सॉकेट धक्क्याची वीज जोडली तरच चालतात. एरवी 12 व्होल्टवर फोन चार्ज होतील एवढंच.

मरिनाजवळच्या सुपरमार्केटात तांदूळ, मसूर, भाज्या, दही, फळं सगळं मिळतं. घरून आणायचं ते हिंग, हळद, मोहरी, गोडा मसाला, पोहे आणि सुंठ. दोन शेगड्यांचा गॅस असतो, लहान कुकर नेला तर खिचडी पंधरा मिनिटांत होते आणि हेलकाव्यात ताटलीपेक्षा वाडग्यात बरी खाता येते. फोडणी मात्र वरची झडप उघडी ठेवूनच. केबिनमध्ये कोंडलेला मोहरी-हिंगाचा वास आठवडाभर गादीतून जात नाही, आणि पुढच्या भाडेकऱ्याला तो आवडेलच असं नाही.

शाकाहारी असाल तर खानावळीत 'लादेरा' विचारा. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांचा हा प्रकार रोजच्या जेवणातला आहे. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे 'यिगांतेस', पालकाची 'स्पानाकोपिता', उकडलेला पाला म्हणजे 'होर्ता', पिवळ्या डाळीची 'फावा'. या चार नावांवर आठवडा निघतो.

मळमळीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही.

पहिला दिवस: अलिमोस

भाड्याच्या बहुतेक बोटी अथेन्सच्या अलिमोस मरिनात असतात. विमानतळावरून एक्स-96 बस समुद्राकाठानं तिकडे येते. सामान जास्त असेल तर टॅक्सी. बोट सहसा शनिवारी संध्याकाळी ताब्यात मिळते. कंपनीचा माणूस अर्ध्या तासात सगळं दाखवून मोकळा होऊ पाहील. तुम्ही घाई करू नका. दाखवणं चालू असताना दोघंही हजर राहा आणि व्हिडिओ काढून ठेवा. इंजिन सुरू-बंद करणं, गॅसचा मुख्य कॉक, पाण्याच्या टाक्यांची अदलाबदल, टॉयलेटचा पंप (कागद त्यात टाकायचा नाही), विंडलासचा फ्यूज कुठं आहे, तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप, लाइफ जॅकेट, संपर्काचा व्हीएचएफ रेडिओ. साखळी किती मीटर आहे आणि तिच्यावर खुणा कशा केल्यात, हे आवर्जून विचारा. आधीचे ओरखडे दिसले तर फोटो काढा आणि यादीत लिहून घ्या.

रविवारी सकाळी लगेच बेटाकडे निघू नका. मरिनाबाहेर मोकळ्या पाण्यात दोन तास सराव करा. बोट पुढे नेऊन जागच्या जागी थांबवा. रिव्हर्समध्ये सरळ चालवा. सुरुवातीला इंजिनच्या पंख्याच्या जोरानं तिची मागची बाजू एकीकडे ओढली जाते, कुठल्या बाजूला ते बघून ठेवा. शीड आखडा, पुन्हा खोला. मग जागा बदला आणि सगळं परत करा. 'मला नको, तूच कर' हे वाक्य या दोन तासांत बंद.

मार्ग

रविवारी एजिना, सुमारे 17 सागरी मैल. पाच नॉटच्या (तासाला पाच सागरी मैल) वेगानं साडेतीन तास. वाटेत अथेन्सच्या पिरेयस बंदराकडे ये-जा करणारी मोठी जहाजं आणि भरधाव फेरीबोटी आडव्या येतात. शिडाच्या बोटीला अग्रक्रम असतो हे पुस्तकात ठीक आहे. इथं लवकर आणि ठळकपणे दिशा बदलून तुम्हीच बाजूला व्हा. एजिना बंदराच्या तोंडाशी सेंट निकोलसचं पांढरं चिमुकलं चॅपल दिसतं. 1828 मध्ये स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानी म्हणून मान मिळालेलं हे गाव आता पिस्त्यांसाठी ओळखलं जातं. नवे पिस्ते ऑगस्ट-सप्टेंबरात उतरतात, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर. गर्दी नको असेल तर दक्षिणेला पेर्दिका हे कोळ्यांचं गाव आहे.

सोमवारी पश्चिमेला पालेआ एपिदावरोस, एजिनापासून सुमारे 14 मैल. संत्र्याच्या बागांमधलं शांत बंदर. इथून टॅक्सीनं इ.स.पू. चौथ्या शतकातल्या प्रसिद्ध नाट्यगृहाकडे जाता येतं. शरद ऋतूत पुरातत्त्व स्थळांची दारं लवकर बंद होतात, म्हणून मंगळवारची सकाळ त्यासाठी ठेवा आणि बोट हलवू नका.

बुधवारी मेथाना द्वीपकल्पाला वळसा घालून पोरोस. मेथाना हा ज्वालामुखी आहे, गावाजवळून जाताना वारा तसा असेल तर गंधकाचा वास येतो. पोरोसचं गाव आणि समोरचं गालातास यांच्यामध्ये अरुंद खाडी आहे. तिच्यात काही जागी पाणी उथळ आहे, म्हणून चार्ट म्हणजे सागरी नकाशा डोळ्यांसमोर ठेवूनच आत शिरा. डेमोस्थेनिस या वक्त्यानं इ.स.पू. 322 मध्ये याच बेटावर विष घेतलं. पोरोस मला या सगळ्यांत जास्त आवडतं, कारण तिथं वाऱ्याची दिशा कुठलीही असो, आडोसा मिळतो.

आणि हायड्रा? मोटारी नसलेलं, गाढवांवरून सामान वाहणारं, दगडी वाड्यांचं ते देखणं बेट सगळ्यांनाच हवं असतं. पण तिथलं बंदर लहान आहे, उत्तरेच्या वाऱ्यात आत हेलकावे येतात आणि एकाचा नांगर दुसऱ्याच्या साखळीवर पडणं नेहमीचं. माझा सल्ला ऐकाल तर बोट पोरोसला राहू द्या आणि गुरुवारी जलद फेरीबोटीनं हायड्रा बघून या. अर्ध्या तासाचा प्रवास. 'स्वतःच्या बोटीनं गेलो' एवढ्या बढाईसाठी रात्रभर फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या हवेच्या उश्या) सांभाळत बसायची गरज नाही.

शुक्रवारी परतायचं. आठवड्यातला अवघड दिवस हाच. अलिमोस ईशान्येला आहे आणि ऑक्टोबरात वाराही बऱ्याचदा उत्तर-ईशान्येचाच असतो. जाताना पाठीशी असलेला वारा येताना नाकावर येतो. पोरोस ते अलिमोस जवळजवळ 30 मैल, वाऱ्याविरुद्ध ते लांबतच जातात. म्हणून बुधवारी रात्री अंदाज बघा. शुक्रवारी जोराचा वारा दिसला तर हायड्राचा बेत सोडा आणि गुरुवारीच एजिनाला या. तारखेला बोट परत न केल्याचा दंड हायड्राच्या कॉफीपेक्षा फार महाग पडतो.

28 ऑक्टोबरला ग्रीसचा 'ओही' दिन, म्हणजे राष्ट्रीय सुट्टी असते. त्याला जोडून शनिवार-रविवार आला तर अथेन्सकर याच बंदरांत उतरतात, तो आठवडा टाळता आला तर टाळा.

धक्क्याला पाठ लावणं

बंदरात शिरण्याआधीच, बाहेर मोकळ्या पाण्यात, सगळी तयारी करा. फेंडर दोन्ही बाजूंना आणि मागे. मागचे दोन्ही दोर खुंट्यांना बांधून, कठड्याच्या बाहेरून आत घेऊन, हातात येतील असे गुंडाळलेले. नांगर सोडायला मोकळा. मग हळू एक फेरी मारून जागा हेरा: शेजाऱ्यांच्या साखळ्या कुठल्या दिशेला गेल्यात, वारा कुठून, पाणी किती खोल.

आता कामं वाटा. बहुतेक जोडप्यांत नवरा सुकाणू धरतो आणि बायको दोर घेऊन धक्क्यावर उडी मारते. हे उलटं करून बघा. इंजिन आणि सुकाणू यांना जोर लागत नाही, लक्ष लागतं. जोर लागतो तो साखळी, दोर आणि फेंडरला. ज्याच्या अंगात ताकद जास्त, तो पुढे. उडी तर कुणीच मारायची नाही; पाय ठेवता येईल इतकी बोट जवळ आली की उतरायचं.

धक्क्यापासून बोटीच्या तीन-चार लांब्या दूर, जागेच्या अगदी समोर नांगर टाका आणि वाऱ्याच्या बाजूला थोडं झुकतं माप ठेवून सरळ मागे या. साखळी सैल सोडत राहा, मध्येच अडवलीत तर बोट तिरकी होते. धक्का दोन-तीन मीटरवर आला की पुढचा माणूस साखळी थांबवून मागे येतो. आधी वाऱ्याकडचा दोर, मग दुसरा. शेवटी साखळी ताणून घ्या आणि इंजिनला थोडा रिव्हर्स देऊन नांगर धरतोय का पाहा. धरत नसेल तर उचला आणि परत टाका. बघणारे बघू देत. ऑक्टोबरात धक्क्यावर जागा असते, घाई करायला मागे कुणी नसतं, आणि नवख्याला हे शिकायला याहून बरा महिना नाही.

ओरडू नका. इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तर भांडण होतं. चार खुणा ठरवा: सोड, थांब, पुढे, मागे. तेवढ्या पुरतात.

मोकळ्या खाडीत नांगरायचं असेल तर खोलीच्या किमान चार-पाच पट साखळी सोडा, रात्री वारा वाढणार असेल तर आणखी. ऑक्टोबरात शेजारी बोटी कमी असतात, साखळी सोडायला कंजुषी करण्याचं कारण नाही.

हवामान

रोज सकाळी आणि संध्याकाळी दोन वेगवेगळे अंदाज बघा. ग्रीसच्या सागरी संशोधन केंद्राची 'पोसायडन' सेवा आणि राष्ट्रीय हवामान खात्याचा अंदाज. विंडी हे ॲप सोयीचं आहे, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नये. चार बोफर्ट म्हणजे 11 ते 16 नॉट, मजेचा वारा. पाच म्हणजे 17 ते 21, दोघांनी शीड आखडूनच. सहाचा अंदाज असेल तर धक्क्यावर पत्ते खेळा. वाऱ्याचा इशारा लागू असला की तटरक्षक दल बोटींना बाहेर पडायला मनाईही करतं. मनाई मोडून निघालात तर दंड होऊ शकतो आणि विमा हात वर करू शकतो.

अंदाजात न दिसणारी भीती गडगडाटी ढगांची. दुपारनंतर डोंगरामागून काळं चढताना दिसलं, तर वाऱ्याचा झोत येण्याआधीच शिडं उतरवा, इंजिन लावा, लाइफ जॅकेट घाला. 'अजून लांब आहे' असं वाटतं तेव्हाच शीड आखडायची वेळ असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. दुपारी तीनपर्यंत बंदरात, हा नियम पाळा.

एक जण पाण्यात पडला तर

मोठ्या चमूत एक जण पडलेल्याकडे हात करून दाखवत राहतो, एक सुकाणू सांभाळतो, दोघं ओढतात. तुमच्यात हे सगळं उरलेल्या एकालाच करायचंय. त्यामुळे मूळ उपाय न पडण्याचाच. हार्नेसचा, म्हणजे माणसाला बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरा झोपला असेल तर कॉकपिट सोडायचं नाही. कठड्यावर उभं राहून लघवी करायची नाही. पुरुषांनी हे विशेष मनावर घ्यावं.

तरीही पडलाच तर: तरंगती रिंग फेका, फोनवर किंवा प्लॉटरवर (नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावर) जागेची खूण करा, इंजिन सुरू करून पुढचं शीड गुंडाळा, दोर पाण्यात नाहीत ना बघून वळा. माणसाजवळ पोचल्यावर इंजिन न्यूट्रल, नंतर बंद. मागची शिडी उतरवा. व्हीएचएफच्या चॅनल 16 वर 'मेडे' ही मदतीची हाक कशी द्यायची ते दोघांना यायला हवं. फोनवरून ग्रीक तटरक्षक 108, सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक 112. रविवारच्या सरावात एक फेंडर पाण्यात टाकून तो प्रत्येकानं एकट्यानं परत आणायचा. ज्याला तो आणता आला नाही, त्याला जमेपर्यंत अलिमोसच्या बाहेर जायचं नाही.

बोट परत करताना

शुक्रवारीही तीनपर्यंत अलिमोसला पोचा. डिझेल काठोकाठ भरून पावती जपा. 30 फुटी बोटीचं इंजिन तासाला दोन-तीन लिटर पितं, त्यामुळे बिल फार येत नाही. कंपनीचा पाणबुड्या तळ आणि पंखा तपासतो, तेव्हा जवळ थांबा. नांगर खडकाला लागला असेल, दोर तुटला असेल तर स्वतःहून सांगा. शनिवारच्या फोटोंशी ताडून अनामत त्याच वेळी मोकळी करून घ्या. ती रात्र सहसा बोटीवरच झोपता येतं, शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला बोट रिकामी करून द्यायची. विमान संध्याकाळचं असेल तर बॅगा ऑफिसात ठेवू देतात का, हे आदल्या दिवशीच विचारा.